बिनदाराच्या गावात अंधारखोली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. चौकट असते, उंबरा असतो. पण कवाड नाही, कडी नाही, कुलूप नाही. रात्री कुत्रं आत येऊ नये म्हणून कुणी एखादी फळी टेकवून ठेवतो, कुणी पडदा सोडतो, इतकंच. शनिदेव स्वतःच उघड्या चौथऱ्यावर उभे, डोक्यावर छप्पर नाही. मग भक्ताने दार कशाला लावावं, असा तिथला साधा हिशेब. अशा या गावात गेल्या जानेवारीत आम्ही सात माणसं एक खोली शोधत हिंडत होतो. अट एकच होती. खोलीत पूर्ण काळोख करता आला पाहिजे.

एका घरापुढे आजीबाई गहू निवडत बसल्या होत्या. आमची मागणी ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "आवं, आमच्या घराला दार न्हाई, आन् तुमाला अंधार पायजे व्हय?"

झालं असं, की माझ्या एका जुन्या मित्राचा मुलगा फोटोग्राफर आहे. लग्नसराईत लग्नाचे फोटो काढतो, आणि त्यातून उरलेला पैसा जुन्या पद्धतीच्या फोटोग्राफीत घालवतो. बापाच्या मते बुडवतो. बाहेरगावी दोन-तीन कार्यशाळा करून तो 'वेट प्लेट' नावाची पद्धत शिकून आला होता. ओल्या काचेवर फोटो काढायची ही पद्धत साधारण १८५० ते १८८० या काळातली. शिंगणापूरजवळच्या एका वस्तीवर दोन दिवस राहून पाच-सहा जणांना ती हाताने करायला शिकवायची, असं त्याने ठरवलं. मला फोन आला, "चाचा, तुम्ही पण या. तुम्हाला जुन्या गोष्टींचं वेड आहेच. आणि खरं सांगू का, पाणी वाहायला एक माणूस कमी पडतोय."

मी हसून हो म्हणालो. पाणी वाहण्याचा आणि आमच्या घराण्याचा काय संबंध आहे, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल पुढे बोलेन.

आधी ही ओली काच म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्या ओलेपणावरच अवलंबून आहे. १८४६ साली शॉनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापूस आम्लांत बुडवून स्फोटक कापूस तयार केला. हा कापूस इथर आणि अल्कोहोल यांत विरघळवला की मधासारखा चिकट द्रव होतो आणि तो वाळला की पारदर्शक पापुद्रा धरतो. त्याला कोलोडियन म्हणतात. डॉक्टरांनी तो जखमेवर लावायला सुरुवात केली. लंडनमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाचा एक मूर्तिकार होता. मूर्ती घडवताना समोर ठेवायला त्याला माणसांचे चांगले फोटो हवे होते. त्याने हा जखमेवरचा द्रव काचेवर ओतून पाहिला आणि मार्च १८५१ मध्ये 'द केमिस्ट' या नियतकालिकात सगळी कृती छापून टाकली. पेटंट घेतलं नाही. म्हणजे ज्याला हवं त्याने करावं. जगभरच्या फोटोग्राफरांनी त्यावर धंदा उभा केला आणि आर्चर १८५७ साली गरिबीत वारला. कवी म्हणून मला या माणसाबद्दल आपुलकी वाटते. आमच्या धंद्यातही पेटंट नसतं.

त्याआधी चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर फोटो निघत, पण एका वेळी एकच, प्रत नाही. कागदावरच्या निगेटिव्हवरून प्रती निघत, पण कागदाचे तंतू चित्रात उतरत. काचेमुळे चित्र लख्ख आलं आणि प्रतीही हव्या तेवढ्या मिळू लागल्या. अडचण एकच. काच ओली आहे तोवरच ती उजेड टिपते. द्रव ओतल्यापासून फोटो काढून, रसायनाने चित्र उमटवेपर्यंतचा सगळा कारभार दहा-बारा मिनिटांत उरकावा लागतो. काच वाळली की चांदीचं मीठ निकामी होतं. त्यामुळे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे त्याची अंधारखोली त्याच्याबरोबर जायची. सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज १८६४ साली काश्मीरला फोटो काढायला निघाला, तेव्हा त्याचा तंबू, काचा आणि बाटल्या वाहायला ४२ हमाल होते.

आमच्याकडे हमाल नव्हते, एक छोटा हत्ती होता. छोटा हत्ती म्हणजे तो चारचाकी टेम्पो, सोनईच्या बाजारात भाजी आणणारा. शेवटी त्याच्यावरच ताडपत्री बांधली, आतून काळं कापड ठोकलं आणि सायकलच्या मागे लावतात तसला लाल दिवा आत टांगला. ओल्या काचेला लाल उजेड दिसत नाही, म्हणून आत आपल्याला दिसतं आणि काचेला नाही. बिनदाराच्या गावात आमची ही एकच खोली अशी होती, जिचा पडदा विचारल्याशिवाय कुणी उघडायचा नाही.

आता थोडं मागे जातो. आपल्याकडे ही विद्या कुणी शिकवली आणि कोण शिकलं, हा मला खरा बोलण्याचा विषय वाटतो. आपण धरून चालतो की ही साहेबांची कला, आणि आपली माणसं नुसती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. तसं नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. ती हिंदुस्थानातली पहिली. कलकत्ता आणि मद्रासची १८५६ मधली. डॉ. भाऊ दाजी लाड या सोसायटीचे सभासद होते. भायखळ्याचं वस्तुसंग्रहालय ज्यांच्या नावाने आहे, तेच हे भाऊ दाजी. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटोग्राफर होते आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. सोसायटी निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८५५ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. सोसायटीचे क्रॉफर्ड नावाचे गृहस्थ तिथे शिकवत. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण.

हे साल ध्यानात घ्या. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती १८५३ साली. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. मी ज्या पदवीसाठी तीन वर्षं बाकावर बसलो, ती बी.ए.ची पदवी या प्रांतात अस्तित्वात येण्याआधी मुंबईत फोटोग्राफीचा वर्ग भरत होता आणि त्यात आपली पोरं चांदीच्या पाण्यात बोटं काळी करून घेत होती. हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि राजेरजवाड्यांचे फोटो काढले. आर्यसमाज आणि थिऑसॉफिस्ट मंडळींच्या इतिहासातही त्यांचं नाव येतं, तिथे ते पैशांच्या भांडणापायी येतं. ती कथा वेगळी.

हा सलोखा सगळीकडे आणि कायम होता, असंही नाही. कलकत्त्याच्या सोसायटीत राजेंद्रलाल मित्र हे मोठे विद्वान खजिनदार होते. त्यांनी एका जाहीर सभेत युरोपियन नीळमळेवाल्यांवर टीका केली आणि १८५७ साली त्यांना सोसायटीतून काढून टाकण्यात आलं. कॅमेरा तोच, काच तीच, पण सभासदत्वाला रंग होता.

एल्फिन्स्टनच्या त्या वर्गात काय घडत असेल, याचा विचार मी पुस्तकं वाचताना कधी केला नव्हता. तो केला शिंगणापूरच्या वस्तीवर, हातात काच धरल्यावर.

पहिल्यांदा काच पुसायची. खडूची पूड आणि स्पिरिट लावून, फडक्याने, पुन्हा पुन्हा. मी पाच मिनिटांत पुसून दिली. पोराने तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि माझ्या बोटाचा ठसा त्यात उमटलेला दाखवला. पुन्हा पुसली. मग काच डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायची, मधोमध कोलोडियन ओतायचं आणि काच फिरवत ते चारही कोपऱ्यांना न्यायचं. शेवटच्या कोपऱ्यातून उरलेलं परत बाटलीत. घरी धिरडं घालताना पीठ तव्यावर सोडून तवा फिरवतात, बरोबर तसं. फरक इतकाच की इथे धिरड्याला भोक पडलं तर ते दीडशे वर्षं दिसत राहतं. माझ्या पहिल्या काचेवरचं कोलोडियन कोपऱ्यात न जाता मनगटावरून कोपरापर्यंत गेलं आणि तिथेच वाळलं. थंडगार लागतं, आणि मग कातडी ओढल्यासारखी होते. "चाचा, बोटं गच्च धरू नका. मनगट फिरवा," असं म्हणून त्या मुलाने माझं मनगट धरलं आणि दुसरी काच माझ्या हाताने त्यानेच ओतली. पुस्तकात हे एक वाक्य असतं. त्या वाक्याचा अर्थ मनगट धरल्यावर कळला.

मग अंधारात जाऊन ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात तीन मिनिटं बुडवायची. बाहेर येते तेव्हा तिच्यावर सायीसारखा दुधी थर असतो. ती लाकडी खोक्यात बंद करायची, पळत कॅमेऱ्यापाशी यायचं, झाकण काढून सहा-सात सेकंद मोजायचे, झाकण लावायचं आणि पळत पुन्हा अंधारात. तिथे हिराकस. हो, आपल्या आजीच्या काळात शाई करायला वापरायचे तोच हिराकस, पाण्यात आणि थोड्या आम्लात विरघळवलेला. तो काचेवर एका झोकात सोडायचा. हात अडखळला तर जिथे अडखळला तिथे लाट उमटते. माझ्या तिसऱ्या काचेवर लाटच आहे, चित्र नाही.

चौथी काच जमली. हायपोच्या पाण्यात टाकल्यावर निळसर धुरकट पडदा वितळत गेला आणि खालून एक चौकट वर आली, बिनदाराची. आमच्यातल्या एकाने टाळ्या वाजवल्या. मला काही बोलता आलं नाही. त्या काळी हायपोऐवजी पोटॅशियम सायनाइड वापरत. चित्र जास्त उजळ येई, पण ते जहाल विष आहे. आम्हाला त्याच्या जवळ फिरकू दिलं नाही, हे योग्यच झालं. शेवटी काच धुऊन, दिव्यावर हलकी तापवून तिच्यावर चंद्रसासारख्या राळेचं, लव्हेंडरचं तेल घातलेलं व्हार्निश ओततात. म्हणून नवी काच नाकाशी नेली की अत्तराच्या दुकानासारखा वास येतो.

हवामानाने दुपारनंतर आम्हाला धडा शिकवला. इथर साधारण ३५ अंशांना उकळतं. आम्ही जानेवारीतले लोक. तरी एक वाजता ऊन चढलं, तसं कोलोडियन काचेवर पसरायच्या आत आटायला लागलं. काचेच्या कडा सुकल्या, चित्राच्या कडेला भाजल्यासारखे डाग पडले. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा बाटलीचं बूच काढलं तरी अर्धा माल हवेत जाईल. आर्चरची कृती लंडनच्या थंडीत लिहिलेली. त्या वेळची इंग्रजी पुस्तकंही तिथल्याच हवेची. मुंबईच्या उकाड्यात ती जशीच्या तशी चालणं शक्यच नव्हतं. इथर कमी करा, अल्कोहोल वाढवा, पहाटे काम करा, ओल टिकावी म्हणून ओलं फडकं गुंडाळा, हे सगळं इथेच करून, बिघडवून, पुन्हा करून ठरवावं लागलं असणार. मला वाटतं, एल्फिन्स्टनच्या वर्गातल्या पोरांनी मास्तरांकडून जेवढं घेतलं, तेवढंच या हवेकडून घेतलं असेल.

पाण्याचंही तसंच. तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते चांदीच्या पाण्यात गेलं की दुधासारखा साका होतो आणि महागाचं रसायन वाया जातं. म्हणून रसायनांसाठी बॅटरीचं पाणी आणलं होतं, गॅरेजवाले गाडीच्या बॅटरीत घालतात ते. पण काच धुवायला साधं पाणी लागतं आणि ते भरपूर लागतं. एका काचेला बादलीभर धरा. दोन दिवसांत आम्ही चाळीसेक काचा केल्या. ते सगळं पाणी मी वाहिलं. प्लास्टिकच्या कॅनमधून, हौदापासून टेम्पोपर्यंत, खांद्यावर.

आता ती राहिलेली गोष्ट. माझे आजोबा नगरच्या भिंगार कॅम्पात पखाल वाहायचे. भिस्ती. चामड्याची भरलेली पखाल पाठीवर घेऊन बंगल्याबंगल्यांत पाणी घालायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. नळ आले आणि काम गेलं. माझ्या वडिलांनी ती पखाल पाहिली होती. मी फक्त तिचा पट्टा पाहिला, खुंटीला टांगलेला. आजोबांचा एकही फोटो आमच्या घरात नाही. कधी निघालाच नाही.

पण भिस्त्याचे फोटो मात्र मी खूप पाहिलेत. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही फोटोंच्या संग्रहात भिस्ती हमखास सापडतो. धोबी, हजाम, गारुडी, भिस्ती, अशी ती रांग असते. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या फोटोग्राफरने मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले, पहिला १८६३ साली आणि दुसरा, महाराष्ट्राचा, १८६६ साली. त्यात एक गंमत केलेली आहे. माणसांचे फोटो स्टुडिओत काढले, देऊळ, रस्ता, डोंगर यांचे वेगळे काढले आणि मग दोन्ही एकत्र जोडले. माणूस जिथे उभा दिसतो, तिथे तो उभा नव्हताच. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. चित्राखाली जात, जमात, धंदा. नाव बहुधा नाहीच. साहेबाचा फोटो असला तर खाली साहेबाचं नाव. भिस्त्याचा असला तर नुसतं 'भिस्ती'.

हे मला पूर्वीही माहीत होतं आणि पूर्वीही खटकायचं. वस्तीवर कॅन वाहताना त्यात एक भर पडली. विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं १८६० साली. एल्फिन्स्टनचा वर्ग १८५५ मधला. म्हणजे त्या पोरांच्या काचा ज्या पाण्याने धुतल्या, ते पाणी विहिरीतून किंवा तळ्यातून कुणीतरी पाठीवर आणलं असणार. ओल्या काचेची अख्खी विद्या पखालीवर उभी होती. भिस्ती कॅमेऱ्यापुढे आला तो नमुना म्हणून. कॅमेऱ्यामागेही तोच होता, पण ते कुठे लिहिलेलं नाही. मी हे पोरांना सांगितलं नाही. कॅन वाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी खांदा सुजला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना दाखवली, कारण ती त्या काचेचाच गुण आहे. ओल्या काचेला निळा आणि जांभळा उजेड तेवढा चांगला दिसतो. तांबडा, पिवळा, हिरवा तिला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे निळं आकाश पांढरं फटक येतं, ढग असले तरी कळत नाहीत. कपाळावरचं कुंकू काळं येतं. हळद काळी येते. सावळा माणूस असतो त्याहून चांगलाच काळा येतो. गावातल्या एका वळणावर आम्ही काच लावली, तिथे एका घरावर भगवा झेंडा होता आणि पलीकडे रिक्षावर हिरवी चादर वाळत घातली होती. चित्रात दोन्ही सारखीच काळी. बघणाऱ्याला कुठली कुठली ते सांगता आलं नाही. तेव्हा जुन्या फोटोंत आपली माणसं जी कोळशासारखी दिसतात, ती तशी नव्हती, काचेचा डोळा तसा होता. हे जाणणारे लोकही त्या चित्रांवरून वंशांबद्दल ठाम विधानं करत, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

दुसरा गुण असा, की त्या काचेवरच थेट चित्र ठेवलं, कागदावर प्रत काढली नाही, तर ते आरशासारखं उलटं येतं. डावं उजवीकडे जातं. जुन्या घरात अशी एखादी काच सापडली आणि पणजीचा पदर भलत्याच खांद्यावर दिसला, तर पणजी चुकली असं समजू नका.

१८७१ साली मॅडॉक्स नावाच्या डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती दिली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ओली काच फोटोग्राफरांच्या हातून गेली. छापखान्यांच्या ब्लॉकच्या कामात मात्र ती विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. माझ्या तरुणपणी नगरच्या एका छापखान्यात एक म्हातारे ब्लॉकमेकर होते. निवृत्त झाले होते, पण रोज येऊन बसायचे. त्यांच्या नखांच्या कडा कायम काळ्या. मी त्यांना शाई समजायचो. "शाई न्हाई रे, चांदी हाय ती," असं एकदा ते म्हणाले आणि मी ती म्हाताऱ्याची थट्टा समजून सोडून दिली. शिंगणापूरहून परतल्यावर माझीही तीन बोटं आठ दिवस काळी होती. साबणाने जात नाही. दुकानदाराने विचारलं, "काय चाचा, मतदान होतं का?" तेव्हा मला ते ब्लॉकमेकर आठवले. त्यांना चार प्रश्न विचारायचे राहून गेले. दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ही विद्या आपल्या शेजारी बाकड्यावर बसलेली होती, आणि आज आमच्या पोरांना ती शिकायला परगावी फी भरावी लागते.

शिकवणारे आहेत, ही बरी गोष्ट. गोव्यात 'सेंटर फॉर अल्टरनेटिव्ह फोटोग्राफी'ने जुन्या छपाईपद्धतींच्या कार्यशाळा घेतल्या. शांतिनिकेतनात ओल्या काचेवर काम झालं आहे. गुरुग्रामला २०१९ साली कॅमेऱ्यांचं मोठं संग्रहालय उघडलं. खर्चाचं म्हणाल तर ही गरिबाची हौस नाही, चांदी चांदीच्या भावानेच मिळते.

आता त्या आजीबाई. ज्यांनी आम्हाला अंधार कुठून द्यायचा म्हणून विचारलं होतं, त्याच दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः टेम्पोपाशी आल्या. काय चाललंय ते पडदा वर करून बघणार, तेवढ्यात पोरं ओरडली, "आजी, थांबा थांबा!" एक काच त्यात गेलीच. मग त्यांना चहा दिला आणि सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग माझा बी काढा की. दारात."

त्यांच्या घराच्या चौकटीत त्यांना उभं केलं. सात सेकंद हलायचं नाही. त्या काळी मानेमागे लोखंडी टेकू लावत. आम्ही आजींना चौकटीलाच पाठ टेकवायला सांगितली. मी मोठ्याने आकडे मोजत होतो. चारवर त्यांच्या हाताची बोटं हलली, कारण कोंबडी पायाशी आली होती. हिराकस मी ओतला, पोराने काच धरली. चेहरा आला, लुगड्याच्या निऱ्या आल्या, बोटांच्या जागी धुरासारखं काहीतरी आलं आणि कोंबडी अजिबात आली नाही. चौकटीच्या आतलं घर गडद काळं.

काच धुण्याआधी मी एक हट्ट धरला. कडेला, जिथे चित्र संपतं, तिथे सुईने नाव कोरायचं. जुने फोटोग्राफर तिथे काचेचा नंबर कोरत. काचेवरून बघताना सरळ वाचता यावं म्हणून कुठल्या बाजूने कसं कोरायचं, यावर पोरांची वादावादी झाली. शेवटी मीच कोरलं, सासर-माहेरच्या आडनावांसकट, कारण आजींनी दोन्ही सांगितली. अक्षर वेडंवाकडं आलं आहे. इथे ते नाव मी सांगत नाही. मी रेडिओवर बोलतो हे कळल्यावर त्यांनीच बजावलं होतं, "काचंवर लिव्हा, पर रेडुवर नगं बरं का."

वाळलेली काच मागे काळं कापड लावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. पदर उजव्या खांद्यावर दिसत होता. म्हणाल्या, "ही मी न्हाई. ही माझी थोरली भैन हाय. ती व्हती अशी." थोरली बहीण जाऊन वीस वर्षं झाली होती. मग काच घेऊन त्या आत गेल्या आणि कोनाड्यात, देवांच्या शेजारी, भिंतीला टेकवून ठेवून आल्या. मी म्हटलं, "आजी, काच आहे, फुटेल, कुठेतरी बंद जागी ठेवा."

"बंद कुटं ठेवू, बाबा?" त्या म्हणाल्या, आणि राहिलेले गहू निवडायला बसल्या.